बल व दम यांचा संयुक्त व्यायाम

स्नायूंचे आकारमान व बल वाढविणारा भारव्यायाम आणि हृदय, फुप्फुसे व रक्ताभिसरण यांची क्षमता वाढविणारा धावणे, पोहणे, सायकल चालविणे यांसारखा दमाचा व्यायाम, हे दोन्ही एकाच कालखंडात करण्याची पद्धती. वजने उचलून कमावलेले अंग धावण्याने झडते, अशी समजूत व्यायामशाळांतून सर्रास आढळते. तीत तथ्याचा अंश आहे. परंतु ज्या परिस्थितीत ती खरी ठरते, ती सामान्य व्यायामपटूच्या वाट्याला क्वचितच येते.

महाराष्ट्रातील तालमींना हा प्रश्न अशा स्वरूपात कधी पडला नाही. पहाटेचे धावणे, फावड्याने हौद्यातील माती उकरणे, लढत, दोर चढणे, मल्लखांब, जोर, बैठका व सपाट्या यांत बल व दम यांची फारकत केलेली नसते. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशात या देशी व्यायामप्रकारांचे तपशीलवार वर्णन आहे. मातीतील निकाली कुस्ती बराच वेळ चालत असल्याने मल्लाला दोहोंची सारखीच गरज असे. गोळेश्वर (ता. कराड) येथील खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. तेथे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना पुढच्या लढतीस उभे राहावे लागले, असे सांगितले जाते.

तथापि जोर-बैठकांविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एका दमात पाचशे बैठका मारणाऱ्या मल्लाच्या दृष्टीने ती बैठक भारव्यायाम राहिलेली नसते. ती बव्हंशी दमाचा व्यायाम झालेली असते. जेवढे वजन एकदाच उचलता येते, त्याच्या सुमारे ३० टक्के वजनानेही, स्नायू पुरता थकेपर्यंत आवर्तने केल्यास, त्याचे आकारमान वाढते. भार त्याहून फारच हलका झाला, तर मात्र वाढ मंदावते. आणि कमाल बलासाठी जड वजनच लागते. म्हणून तालमीत वाढलेला युवक लोखंडी वजनांकडे वळला, तरी त्याचा निम्मा दिवस आधीच दमाच्या व्यायामात गेलेला असतो, हे त्याच्या वस्तादाने ध्यानात घ्यावयास हवे.

आज हा प्रश्न कुस्तीपेक्षा भरतीच्या निमित्ताने अधिक निकडीचा झाला आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारास १,६०० मी. व १०० मी. धावणे आणि गोळाफेक अशा तिन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय छातीचे मोजमाप होते. अक्कलकोट तालुक्यातील दुधनीसारख्या सीमेवरील गावात, जेथे रेल्वे स्थानक व तुरीची बाजारपेठ यांपलीकडे नोकरीच्या वाटा थोड्या आहेत, तेथील युवकाने धावणे सोडून केवळ अंग कमावणे किंवा अंग न कमावता केवळ धावणे, हे दोन्ही पर्याय त्याला परवडणारे नाहीत.

दोन्ही व्यायामांमुळे शरीरात होणारे फेरफार भिन्न असतात. जड वजनाने स्नायुतंतूंवर ताण येऊन त्यांतील प्रथिनांची निर्मिती वाढते व तंतू जाड होतात. दमाच्या व्यायामाने तंतूंभोवतालच्या केशवाहिन्या आणि कोशिकांतील ऊर्जानिर्मिती करणारे कलकणू वाढतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाणही वाढते. कोशिकेतील ऊर्जा घटली की, ‘एएमपीके’ नावाचे एंझाइम कार्यान्वित होते व ते प्रथिननिर्मितीस चालना देणाऱ्या ‘एमटॉर’ यंत्रणेस आवर घालते. यावरून दमाचा व्यायाम स्नायुवर्धनास मारक ठरतो, असे अनुमान २००५ च्या सुमारास मांडले गेले. त्याचा मुख्य आधार उंदरांच्या स्नायूंना दिलेल्या विद्युत् चेतना हा होता; माणसाच्या स्नायूंत ही विभागणी इतकी रेखीव आढळत नाही.

या विषयातील मूलभूत प्रयोग अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एका गटाने आठवड्यातून ५ दिवस भारव्यायाम, दुसऱ्याने ६ दिवस दमाचा व्यायाम व तिसऱ्याने हे दोन्ही, असा क्रम १० आठवडे चालविला. पहिल्या गटाचे पायांचे बल सु. ४४ टक्क्यांनी, तर तिसऱ्याचे सु. २५ टक्क्यांनी वाढले. तिसऱ्या गटाची वाढ सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत चालू होती. नंतर ती थांबून बल घटू लागले. त्याच्या दमाच्या वाढीत मात्र उणेपणा आला नाही. या प्रयोगाचा आधार देऊन धावणे वर्ज्य ठरविणारे बहुधा हे विसरतात की, त्यातील तिसरा गट आठवड्यातून अकरा वेळा कष्टाचा व्यायाम करीत होता.

पुढील संशोधनाने हे चित्र बरेच सौम्य केले. ४३ प्रयोगांच्या २०२२ मधील एकत्रित विश्लेषणात संयुक्त व्यायामाने स्नायूंच्या आकारमानात किंवा कमाल बलात लक्षणीय घट आढळली नाही. झेप, उडी यांना लागणारे स्फोटक बल मात्र काहीसे कमी वाढते. दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत केल्यास हा परिणाम अधिक दिसतो, तर त्यांत निदान तीन तासांचे अंतर ठेवल्यास तो कमी होतो. १०० मी. धावणे व गोळाफेक यांना स्फोटक बलच लागत असल्याने भरतीच्या उमेदवारास हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. सकाळी धावणे व सायंकाळी वजने, ही विभागणी त्यास सोयीची. सोलापूरकडे मे महिन्यात पारा ४०° से. च्या वर जात असल्याने धावणे तसेही सूर्योदयापूर्वीच उरकावे लागते. दोन्ही एकाच वेळी करणे भाग असेल, तर वजने आधी घ्यावीत. पायांच्या जड व्यायामाच्या दिवशी लांब धावणे टाळावे. आठवड्यातून तीन-चार वेळा भारव्यायाम आणि दोन-तीन वेळा अर्ध्या तासापर्यंत धावणे, एवढे प्रमाण बहुतेकांना झेपते.

धावण्याने अंग उतरते ते पुष्कळदा व्यायामाच्या विरोधामुळे नव्हे, तर खुराकाच्या तुटीमुळे. धावताना शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे दर किमी. ला सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किग्रॅ. वजनाचा युवक ५ किमी. धावल्यास ३०० किलोकॅलरी खर्च करतो. ती भरून काढण्यास सु. ८५ ग्रॅ. ज्वारीचे पीठ अधिक खावे लागते. स्नायुवर्धनासाठी दर किग्रॅ. मागे रोज सु. १·६ ग्रॅ. प्रथिन पुरेसे, म्हणजे या युवकास सु. ९६ ग्रॅ. तुरीच्या डाळीत वजनाच्या सु. २२ टक्के, शेंगदाण्यात २५ टक्के व ज्वारीत १० टक्के प्रथिन असते. ज्वारीतील लायसीन या ॲमिनो अम्लाची उणीव डाळीने भरून निघते. भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी व दूध यांवर ही गरज भागू शकते. फक्त डाळीचे प्रमाण नेहमीच्या पातळ आमटीहून बरेच जास्त हवे.