बर्फ होऊ न देता गोठवणे

एक पिकलेला टोमॅटो रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. सकाळी बाहेर काढून वितळू द्या. तो लिबलिबीत झालेला दिसेल. असे का व्हावे? पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बर्फाचे स्फटिक पेशींना इजा करतात.

स्त्रीची अंडपेशी गोठवून ठेवण्यातली अडचण नेमकी हीच होती. सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाची ही पेशी शरीरातील इतर पेशींच्या मानाने फार मोठी. तिच्यात पाणी भरपूर, म्हणून स्फटिकांचा धोकाही अधिक.

पण ती गोठवायची कशासाठी? मुलगी जन्मतःच अंडपेशींचा साठा घेऊन येते. वयाबरोबर तो घटत जातो. पस्तिशीनंतर अंडपेशींचा दर्जाही झपाट्याने उतरतो. कर्करोगावरील काही औषधे आणि किरणोपचार तर हा साठा तरुणपणीच नष्ट करू शकतात. अशा रुग्ण तरुणीच्या काही अंडपेशी उपचारांपूर्वीच काढून ठेवल्या, तर पुढे आई होण्याची आशा उरते.

गोठवलेल्या अंडपेशीपासून मूल जन्मल्याची पहिली नोंद १९८६ साली ऑस्ट्रेलियात डॉ. ख्रिस्तोफर चेन यांनी केली. तेव्हा पेशी हळूहळू थंड करीत. त्यात अनेक पेशी दगावत.

यावर उपाय सापडला तो काचेत. काच स्थायू असते, परंतु तिचे कण स्फटिकासारखे रांगेत बसलेले नसतात. पेशीतील बरेचसे पाणी काढून इथिलीन ग्लायकॉलसारखी द्रव्ये आत शिरू देतात. (मोटारीच्या रेडिएटरमधले पाणी गोठू नये म्हणून घालतात तेच हे द्रव्य!) मग पेशी एकदम उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. तापमान मिनिटाला हजारो अंशांनी उतरते. कणांना रांगा लावायला वेळच मिळत नाही. बर्फाऐवजी ‘काच’ होते. पेशी पुन्हा उबदार करतानाही अशीच घाई करावी लागते, नाहीतर वाटेत स्फटिक बनतात.

या रीतीने गोठवलेल्या अंडपेशीपासून पहिले मूल १९९९ साली जन्मले.

इतक्या थंडीत रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात, म्हणून पेशीचे वय वाढत नाही. स्त्रीचे वय मात्र वाढतच राहते, आणि गर्भारपणाचा भार तिच्या त्या वेळच्या शरीरालाच सोसावा लागतो. शिवाय प्रत्येक अंडपेशीपासून मूल होतेच असे नाही. विज्ञानाने येथे संधी राखून ठेवली आहे; खात्री दिलेली नाही.