दुसरी किल्ली : पेशीवरची खूण ओळखताना

मंडळी, मंडईत बसलोय तर उदाहरणही इथलंच घेऊया. १८८६ साली उघडलेली ही इमारत, सकाळची गर्दी, आणि आपल्याला मोजायचेत फक्त हमाल. एक माणूस आत पाठवू, जो हमालांच्याच दंडावर चकचकीत पट्टी बांधेल. मग दारात उभं राहून पट्ट्या मोजायच्या. प्रयोगशाळेत हे पट्टीचं काम प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी करते. तिला चमकणारा रंग जोडलेला असतो. दार म्हणजे फ्लो सायटोमीटर. त्यात एकेक पेशी लेसरसमोरून जाते.

आता मोजायचं काय? टी-पेशी बँकेच्या लॉकरसारखी असते, दोन किल्ल्या लागतात. पहिली किल्ली म्हणजे समोर दाखवलेला जंतूचा तुकडा. दुसरी किल्ली सहउद्दीपक रेणूंची : टी-पेशीवर सीडी२८, आणि समोरच्या डेंड्रिटिक पेशीवर सीडी८० किंवा सीडी८६. नुसती पहिली लागली तर टी-पेशी बहुधा सुस्त पडते. म्हणून सीडी८६ वाढलाय का, हे पाहिलं की धोक्याची वर्दी पोचली का, ते कळतं.

पण आपला पट्टीवाला धक्का लागेल त्याला पट्टी बांधत असेल तर? हे तपासायला त्याच जातीची, पण यातलं काहीच न ओळखणारी अँटीबॉडी वेगळ्या नमुन्यात घालतात. तिथेही चमक दिसली, तर आपल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर. पट्टी बांधताना त्यानं हमालाला कामालाच जुंपलं तर? काही अँटीबॉडी सीडी२८ ला नुसती चिकटतात, काही त्याला अडवतात, तर काही पहिल्या किल्लीशिवायच पेशी चेतवतात. मार्च २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ ही अशीच अँटीबॉडी औषध म्हणून सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली. मात्रा प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढी. तरी काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात! सगळे वाचले, पण औषधचाचण्यांचे नियम त्यानंतर कडक झाले.

हीच दुसरी किल्ली नीट वापरली तर? आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या रक्तकर्करोगाच्या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशींना नवा ग्राही देतात. त्यात फोर-वन-बीबी या सहउद्दीपक रेणूचा तुकडा मुद्दाम जोडलेला आहे.

तेव्हा अँटीबॉडीच्या बाटलीवर 'सीडी२८' वाचून थांबू नका. ती कुठे चिकटते आणि चिकटून काय करते, हे दोन्ही विचारा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.