सावळ्या गालांवरची लाली

गालांवर लावायची लाली, म्हणजे बाजारात जिला ब्लश म्हणतात ती, निवडताना त्वचा गोरी आहे की सावळी एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. परंतु महाराष्ट्रात सर्रास आढळणाऱ्या गव्हाळ ते गडद सावळ्या वर्णावर ती खुलणार की विटणार, हे रंगाच्या नावापेक्षा त्यात पांढरे किती मिसळले आहे यावर अधिक अवलंबून असते. भुकटीच्या रूपातील लालीत शंखजिरे आणि अभ्रक ही भरणद्रव्ये असतात, भुकटी दाबून वडी करण्यासाठी थोडे तेल किंवा मेण घातलेले असते, आणि रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडांतून, कृत्रिम रंगद्रव्यांतून आणि काही उत्पादनांत कोचिनील या किड्यापासून काढलेल्या कार्माइनमधून. छटा फिकी करण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य वापरतात आणि सावळ्या गालावर घोटाळा होतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. त्याचे बारीक कण प्रकाश विखुरतात, त्यातही निळसर प्रकाश अधिक. त्यामुळे गडद पृष्ठावर पांढऱ्याचा पातळ थर दिला की तो करडा-निळसर दिसतो, ही गोष्ट चित्रकारांच्या नित्य परिचयाची आहे. गोऱ्या गालावर पार्श्वभूमीच उजळ असल्याने हा परिणाम जाणवत नाही, सावळ्या गालावर मात्र तीच नाजूक गुलाबी लाली राख फासल्यासारखी दिसते. दोष अशा वेळी वर्णाला दिला जातो, वास्तविक तो डबीचा असतो.

वर्णाच्या प्रचलित वर्गवाऱ्या या कामी फारशा उपयोगी पडत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये मांडलेली श्रेणी त्वचा उन्हाने भाजते की रापते यावर आधारलेली होती, आणि तिच्यातील मूळचे चारही प्रकार गोऱ्या त्वचेचेच होते. तपकिरी व काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या यावरून त्वचेची अंतर्छटा, म्हणजे वरच्या रंगाखालून डोकावणारी पिवळसर किंवा गुलाबीसर झाक, ओळखण्याची युक्तीही गडद त्वचेवर डळमळीत ठरते, कारण तेथे शिरा स्पष्ट दिसतच नाहीत. त्यापेक्षा भरभर जिना चढून आल्यावर गालांवर आपोआप कोणता रंग चढतो हे पाहणे अधिक भरवशाचे, कारण ती लाली त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्याच्या थरातून दिसणाऱ्या रक्ताची असते: गव्हाळ गालावर ती अबोली किंवा विटकरीकडे झुकते, तर गडद सावळ्या गालावर डाळिंबी, क्वचित कोकमासारखी जांभळट लाल दिसते. या छटा डबीत भडक वाटतात आणि म्हणूनच नाकारल्या जातात. गालावर पातळ पसरल्या की त्या शांत होतात.

पारख हाताच्या पाठीवर करण्याची दुकानातली रीत सोयीची खरी, पण हात चेहऱ्यापेक्षा बहुधा अधिक रापलेला असतो. लाली गालावरच, खिडकीजवळ, थेट ऊन अंगावर न घेता लावावी, बोटाने कानाच्या दिशेने ओढावी आणि मग लक्ष मध्यभागाऐवजी कडेकडे द्यावे. कड त्वचेत विरत असेल तर रंग जुळला. कडेला करडी रेघ उमटली तर पांढरे जास्त झाले. आणि कड शोधावीच लागली तर रंगद्रव्य कमी पडले; ते दुसरा-तिसरा हात देऊन भरून काढण्याच्या प्रयत्नात रंग न चढता नुसता भुकटीचा थर वाढतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाने लाली ओघळू नये म्हणून आधी मलईसारखी लाली आणि तिच्यावर त्याच छटेची भुकटी असा दुहेरी थर देतात; हा क्रम उलटला की गालावर ढेकळे धरतात.

नवरीच्या बाबतीत आणखी एक अडचण उभी राहते, ती हळदीची. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य धुतल्यावरही त्वचेवर काही काळ रेंगाळते, आणि त्या पिवळेपणावर लावलेली थंड, म्हणजे निळसर झाकेची, गुलाबी लाली नारिंगीकडे सरकते, त्यात पिवळ्या साडीचा प्रकाश हनुवटीवर आणि गालाच्या खालच्या भागावर पडतो. म्हणून महिनाभर आधी घेतलेल्या चाचणीत शोभलेली छटा लग्नघरी परकी वाटू शकते. अशा वेळी जाणत्या रंगभूषाकार मूळ छटेत किंचित निळसर लाल मिसळून तोल साधतात. मंगल कार्यालयातील दिव्यांचाही विचार करावा लागतो: पिवळ्या दिव्यांखाली शेंदरी आणि विटकरी छटा खुलतात व जांभळट गुलाबी मातकट होते, तर स्वस्तातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशात लाल भाग अपुरा असल्याने सगळीच लाली मरगळते, तेव्हा गोरज मुहूर्ताचे लग्न असेल तर खिडकीत ठरवलेली छटा एकदा मांडवातल्या दिव्यांखालीही पाहून घ्यावी लागते.