हैदराबादचं ‘लामकान’: नट हाताच्या अंतरावर आणि चहा पाठीमागे

देगलूर, उदगीर, उमरगा, बीदर, किनवट, आदिलाबाद या पट्ट्यातली आपली माणसं हैदराबादला दवाखान्यासाठी जातात, मुलांच्या ॲडमिशनसाठी जातात, नोकरीच्या मुलाखतीला जातात. रात्रीचा मुक्काम पडला की संध्याकाळ मोकळी असते. ती बहुतेक वेळा मॉलमध्ये नाहीतर बिर्याणीवर जाते. त्यात वाईट काही नाही. पण बंजारा हिल्सच्या रोड नंबर एकवर, जीव्हीके वन मॉलजवळच्या गल्लीत, अशी एक जागा आहे जिथे त्याच संध्याकाळी नाटक, मुशायरा, गाणं, माहितीपट किंवा नुसती चर्चा बघायला मिळते. तेही बऱ्याचदा फुकट, नाहीतर माफक तिकिटात. तिचं नाव लामकान.

मराठवाड्याच्या माणसाला हा शब्द फोडून सांगायला नको. मकान आपल्याकडेही म्हणतात. ‘ला’ म्हणजे नाही. ज्याला घर नाही, ज्याला हद्द नाही, ते लामकान. गंमत अशी की ही जागा मुळात घरच होती. छायाचित्रकार आणि माहितीपटकार मोईद हसन यांचा हा बंगला. ते गेल्यानंतर कुटुंबाने तो बिल्डरला न देता लोकांसाठी खुला करायचं ठरवलं. अश्हर फरहान, हुमेरा अहमद, इलाहे हिपतुल्ला, बिजू मॅथ्यू या मंडळींनी 2010 च्या मार्चमध्ये लामकान सुरू केलं. यातल्या इलाहे हिपतुल्ला ‘हैदराबाद ब्लूज’ सिनेमात होत्या, तो बघितलेल्यांना चेहरा आठवेल. बंजारा हिल्समधल्या जमिनीचा भाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निर्णयाचं वजन वेगळं सांगायला नको.

आत गेलं की पहिल्यांदा खडक दिसतो. हैदराबादचे ते मोठे, गोल, एकावर एक ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे खडक शहरातून झपाट्याने फोडले गेले. इथे ते अंगणात तसेच ठेवलेत. अंगणातच कार्यक्रम होतात, पायऱ्यांवर आणि खुर्च्यांवर लोक बसतात. एका बाजूला कँटीन आहे. इराणी चहा, समोसा, आणि हैदराबादी खिचडी-खिमा-खट्टा. दिवसा लॅपटॉप उघडून बसलेली पोरं असतात, त्यांना कोणी उठवत नाही.

एवढ्याशा जागेचं कौतुक कशाला, असं विचाराल. नाटकवाल्यांना विचारा. हैदराबादेत रवींद्र भारती आहे, 1961 सालचं, हजाराच्या आसपास माणूस बसेल एवढं. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. अशा सभागृहात हौशी संस्थेने प्रयोग लावायचा म्हणजे भाडं, लाइट, साउंड, नेपथ्याचा टेम्पो, आणि वर अर्ध्या रिकाम्या खुर्च्या. म्हणून आपल्याकडे काय होतं? राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन महिने तालीम होते, स्पर्धेत एक प्रयोग होतो, बक्षीस मिळालं तर अंतिम फेरीत दुसरा, आणि नाटक संपतं. नटाला भूमिका कुठे सापडायला लागलेली असते, तेवढ्यात पडदा पडलेला असतो.

छोट्या जागेचा हिशेब वेगळा असतो. समजा 80 माणसं बसतात आणि तिकीट 150 रुपये आहे. सगळी तिकिटं गेली तर 12 हजार येतात. श्रीमंत कोणी होत नाही, पण खिशातून घालावे लागत नाहीत. नेपथ्य म्हणजे दोन खुर्च्या आणि एक ट्रंक असेल तर तेच नाटक महिन्यात चारदा होऊ शकतं. चौथ्या प्रयोगाला ते पहिल्यापेक्षा नक्की बरं झालेलं असतं.

हे मराठी रंगभूमीला नवीन नाही. दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल 1974 पासून ‘आविष्कार’ने नाटकासाठी वापरला. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी तिथे जे चालवलं त्याला पुढे ‘छबिलदास चळवळ’ हेच नाव पडलं. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. चळवळीला हॉलचं नाव मिळावं, यातच जागेचं महत्त्व आलं.

गिरणीतलं नाटक

अलीकडे अशा जागा जुन्या कारखान्यांत उभ्या राहतात, आणि त्याला कारण आहे. नाटकाला उंची लागते, मध्ये खांब नसलेली मोकळी जमीन लागते, आणि दिवे टांगायला वर काहीतरी भक्कम लागतं. गोदामाच्या लोखंडी कैच्या हे सगळं आयतं देतात. भिंती काळ्या रंगवायच्या, खिडक्या बंद करायच्या, खुर्च्या हलवता येतील अशा ठेवायच्या. याला ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात. इथे पडदा नाही, उंच स्टेज नाही. प्रेक्षक आज एका बाजूला, उद्या चारी बाजूंनी. मुंबईत महालक्ष्मीच्या लक्ष्मी मिल्स इस्टेटमध्ये ‘जी5ए’ ही अशी जागा आहे. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीताचा क्लब 2007 पासून 2016 पर्यंत चालला. पुण्यात एरंडवण्यात प्रदीप वैद्य यांनी ‘द बॉक्स’ सुरू केलं.

गिरणीची जागा म्हटली की मुंबईच्या बाबतीत मनात एक कुसळ राहतंच. गिरणगावातल्या कामगारांचं स्वतःचं नाटक होतं, शाहिरी होती, परळला दामोदर हॉल होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, कामगार विरार-कल्याणकडे नाहीतर गावाला गेले, आणि त्याच आवारांत आता काचेची ऑफिसं आणि रेस्टॉरंटं आहेत. त्यातल्या एखाद्या कोपऱ्यात नाटक होतंय हे चांगलंच. पण जुन्या कामगाराचा नातू त्या तिकीट खिडकीवर दिसतो का, हेही बघायला पाहिजे.

जुनी इमारत स्वस्तात सजवली की धोकेही आत येतात. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात भट्टी होते, पावसात नटाचं वाक्य ऐकू येत नाही, आणि कोऱ्या भिंतींवरून आवाज घुमतो. त्यावर जाड पडदे, छताला उष्णतारोधक थर, आवाज शोषणारे तक्ते असे उपाय आहेत. आगीचं मात्र तसं नाही. 28-29 डिसेंबर 2017 च्या रात्री मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागून 14 जण गेले. ते नाटकगृह नव्हतं, पण धडा सगळ्या जुन्या आवारांना लागू आहे. कुठल्याही बंदिस्त छोट्या जागेत गेलात की बसायच्या आधी दुसरं दार कुठे आहे ते बघून ठेवा. ते दार खुर्च्या लावून अडवलेलं दिसलं तर संयोजकाला सांगायला लाजू नका.

हैदराबादेतही जुने कारखाने कमी नव्हते. लोअर टँक बंडजवळची दिवाण बहादूर रामगोपाल मिल बंद पडली. वरंगलला 1934 सालची आझमजाही मिल होती, तीही गेली. आणि आपल्या नांदेडची उस्मानशाही मिल तर घराघरात ठाऊक आहे, अनेकांच्या आजोबांचा पगार तिथून यायचा. नव्या कामाला लागलेलं एक उदाहरण हैदराबादेत आहे. सैफाबादची टाकसाळ, म्हणजे नाणी पाडण्याचा कारखाना, 1903 पासूनचा. 2022 मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. तिथे जुनी यंत्रं आणि नाणी बघायला मिळतात. रवींद्र भारतीपासून फार लांब नाही, दुपार मोकळी असेल तर करून टाका.

नाटकासाठी मात्र हैदराबादेत जी जागा लोकांच्या तोंडी बसली ती गिरणीतली नाही, घरातली आहे. याचं कारण माझ्या मते साधं आहे. गिरणीची जमीन सरकारची, बँकेची नाहीतर कोर्टात अडकलेली असते. तिच्यावर निर्णय घ्यायला पंधरा सह्या लागतात. घराचा मालक एक असतो, आणि त्याने मनावर घेतलं तर भाड्याचं ओझं न ठेवता दार उघडता येतं. छोटी नाट्यगृहं प्रेक्षक नाहीत म्हणून जेवढी बंद पडतात, त्याहून जास्त भाडं परवडत नाही म्हणून पडतात. आपल्या जिल्ह्यांत बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या शेडला कमी नाही, आणि त्यातल्या पुष्कळ एकाच घराच्या मालकीच्या आहेत. कुणाला सुचलं तर मालकाशी एका बैठकीत बोलणं होईल.

जायचं कसं, वागायचं कसं

नांदेड-देगलूरहून येणारा रस्ता आणि सोलापूर-उमरगा-जहीराबादहून येणारा रस्ता संगारेड्डीजवळ एकत्र होतात, तिथून शहर लागतं. रेल्वेने आलात तर सिकंदराबादहून मेट्रो धरा. इर्रम मंझिल किंवा पंजागुट्टा स्टेशनला उतरून रिक्षा करा आणि ‘जीव्हीके मॉल’ सांगा. नुसतं लामकान सांगितलं तर रिक्षावाल्याला कळेलच असं नाही. स्वतःची गाडी असेल तर ती गल्लीत घालू नका. अशा जागांचं शेजाऱ्यांशी पहिलं भांडण पार्किंगवरून होतं आणि दुसरं आवाजावरून. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, म्हणून कार्यक्रम वेळेत सुरू होऊन वेळेत संपवावे लागतात. आपल्याकडे सातचा कार्यक्रम पावणेआठला सुरू होतो, तो हिशेब धरून निघू नका. मेट्रोची शेवटची गाडी अकराच्या सुमारास असते.

निघण्यापूर्वी त्यांच्या वेबसाइटवर त्या दिवशी काय आहे ते बघा, कारण रोज वेगळं असतं. उर्दू, तेलुगू, हिंदी, इंग्रजी असं काहीही असू शकतं. उर्दू ऐकायची भीती बाळगू नका. मराठवाड्याच्या कानाला दख्खनी निम्मी कळतेच, आणि दख्खनीतले विनोद तर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यापेक्षा आपल्याला आधी कळतात.

गुडघेदुखी असलेल्यांनी अर्धा तास आधी पोचावं म्हणजे खुर्ची मिळते, पायऱ्यांवर दीड तास बसणं सोपं नाही. कार्यक्रम उघड्यावर असल्याने पावसाळ्यात छत्री आणि डिसेंबरात शाल ठेवा. चिप्सची पिशवी आधीच संपवा. हजार माणसांच्या हॉलमध्ये तिचा आवाज विरून जातो, इथे तो नटाच्या वाक्यावर पडतो. मोबाइल बंद म्हणजे खरोखर बंद. अंधारात उजळलेली स्क्रीन समोरच्या नटाला सरळ दिसते, आणि तुमचा चेहराही. पहिल्या रांगेत बसलात तर पाय आत घ्या, नट तिथूनच जाणार असतो.

कार्यक्रम संपल्यावर लगेच पळू नका. मोठ्या थिएटरात नट मागच्या दाराने निघून जातात, इथे ते कँटीनच्या रांगेत तुमच्या पुढे उभे असतात. काय आवडलं, काय नाही, ते तिथेच बोलता येतं.

ज्यांच्याकडे स्वतःचं नाटक, अभिवाचन किंवा गाण्याचा कार्यक्रम तयार आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. लामकानमध्ये कोणालाही कार्यक्रमाचा प्रस्ताव देता येतो, त्यासाठी हैदराबादचं असावं लागत नाही. शहरात मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या आहे. विवेक वर्धिनी ही संस्था 1907 पासूनची, आणि इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथल्या मंडळींना आधी कळवलंत तर पहिल्या प्रयोगाला तीस-चाळीस मराठी प्रेक्षक जमायला हरकत नाही. बाकीच्या खुर्च्यांवर तेलुगू आणि उर्दूवाले बसतील, म्हणून नाटकाची गोष्ट चार ओळींत हिंदीत लिहून दारावर वाटायला कागद तयार ठेवा. पन्नास प्रती पुरतात.