इंग्रजीतील भविष्य : ‘विल’, ‘मे’ की ‘माइट’?

कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेस मिळते व पुढे सांगलीस पोहोचते. धरणातून विसर्ग वाढला, की ‘सांगलीत पाणी वाढेल’ असे आपण म्हणतो. हे इंग्रजीत कसे सांगावे? बोलणाऱ्यास खात्री असल्यास ‘विल’, केवळ शक्यता असल्यास ‘मे’ आणि ती क्षीण वाटत असल्यास ‘माइट’ वापरावे. ‘माइट’ हे ‘मे’चे भूतकाळी रूप असले, तरी येथे भूतकाळाचा संबंध नाही. मराठीतील ‘वाढेल’ खात्री व अंदाज दोन्ही दर्शविते. म्हणून त्याचे भाषांतर दरवेळी ‘विल’ने करू नये. ‘वाढणार’मध्ये मात्र निश्चय अधिक असतो. ऑगस्ट २०१९ चा महापूर अनुभवलेल्या सांगलीकरांना हा भेद केवळ व्याकरणाचा वाटणार नाही : इशाऱ्यातील एका क्रियापदावर घर केव्हा सोडायचे, हे ठरू शकते.