समेची वाट, क्रियापदाची वाट

सकाळी कल्याण-डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या काही डब्यांत ठाणं येईपर्यंत भजन चांगलंच रंगलेलं असतं. टाळ-चिपळ्या सोबत असतात. मृदंगाचं काम वेळप्रसंगी डब्याचा पत्रा करतो. शेजारच्याच बाकावर बदली, बढती, मुलांचे निकाल यांवर गप्पा चाललेल्या असतात. शब्द आणि सूर एकाच कानातून आत शिरतात. मेंदूत मात्र त्यांची मांडणी एकाच यंत्रणेने होते की निरनिराळ्या, यावर पन्नासेक वर्षं वाद चालू आहे.

या वादासाठी अभंगाइतकं सोयीचं उदाहरण शोधून सापडणार नाही. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत ६, ६, ६ आणि ४ अशी एकूण २२ अक्षरं. भजनी ठेका आठ मात्रांचा. आठाने बावीसला भाग जात नाही. सहा अक्षरांचा चरण आठ मात्रांत बसवायचा, तर उरलेली जागा चालीनुसार एखादं अक्षर लांबवून किंवा थांबून भरावी लागते. म्हणजे गाणाऱ्याच्या डोक्यात एकाच वेळी दोन हिशेब चालतात: वाक्य कुठे पुरं होतं आणि आवर्तन कुठे पुरं होतं. वर्षानुवर्षं गाणारी मंडळी हे न मोजता करतात आणि दोन्ही हिशेब योग्य जागी जुळवून आणतात.

दोन्हींतलं पहिलं साम्य इथेच दिसतं. भाषा काय, संगीत काय, दोन्ही काळात उलगडतात आणि ऐकणाऱ्याला पुढच्याची वाट पाहायला लावतात. मराठीत तर क्रियापद शेवटी. ‘खिडकीशी बसलेल्या काकूंनी डोंबिवलीला चढलेल्या मुलीला आपली जागा...’ इथवर ऐकणाऱ्याने कोणी, कोणाला, काय हे सगळं मनात धरून ठेवलेलं असतं. ‘दिली’ आलं की गाठ बसते. त्यामागून ‘नाही’ आलं की सगळं उलटतं. ठाण्यात राहिलेल्या पं. राम मराठे यांच्या नावाच्या संगीत महोत्सवात किंवा १९२६ साली स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजाच्या मैफलीत तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) सुरू झाली की श्रोते असेच ताटकळतात. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, माना एकदम हलतात. त्यांतल्या कित्येकांना रागाचं नावही ठाऊक नसतं, पण सम कुठे पडणार हे ठाऊक असतं.

संगीतालाही व्याकरण असावं, ही कल्पना गाजवली ती संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाईन यांनी. १९७३ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानांत त्यांनी नोम चॉम्स्की यांचा भाषाविचार संगीताला लावून पाहिला. ती जुळवाजुळव अनेकांना ओढूनताणून केलेली वाटली. पुढे संगीतकार फ्रेड लेरडाल आणि भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेन्डॉफ यांनी १९८३च्या ग्रंथात अधिक सावध मांडणी केली. त्यांच्या मते श्रोता सुरांची नुसती रांग ऐकत नाही. काही सूर आधाराचे, काही त्यांच्या आश्रयाने येणारे, अशी उतरंड तो मनात रचतो. मात्र संगीतात नाम, क्रियापद, कर्ता असं काही नसतं, आणि अर्थाच्या बाबतीत तर वाटा पारच वेगळ्या होतात. ‘ही गाडी ठाण्याला थांबत नाही’ हे वाक्य खरं किंवा खोटं ठरतं. भूप रागातली तान बेसूर असू शकते. खोटी असू शकत नाही.

आपल्याकडच्या तबल्यात हे व्याकरण जवळजवळ उघड्यावर असतं, कारण वाजवण्याआधी बोल तोंडाने म्हटले जातात. ‘कायदा’ नावाच्या रचनेचा विस्तार करताना मूळ कायद्यातलेच बोल वापरायचे, भरीनंतर (घुमारेदार बोलांनंतर) खाली (बिनघुमाऱ्याचे बोल) दाखवायची, असे नियम शिष्य गुरूसमोर बसून आत्मसात करतो. १९८०च्या दशकात जेम्स किपेन आणि बर्नार्ड बेल यांनी लखनौ घराण्याचे उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्या कायद्यांवरून असे नियम संगणकात घातले. त्यांच्या ‘बोल प्रोसेसर’ने नवे विस्तार रचायचे आणि कोणता चालेल, कोणता नाही, हे उस्तादांनी सांगायचं. नियम चुकले की दुरुस्त करायचे. भाषाशास्त्रज्ञही असंच करतो: वाक्य रचतो आणि ती भाषा बोलणाऱ्याला विचारतो, ‘असं म्हणतात का?’

प्रत्यक्ष मेंदूत काय दिसतं? ‘आईने पोळीला मोजे लावले’ अशा धर्तीचं वाक्य वाचलं की विसंगत शब्दानंतर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरींत एक ठरावीक खूण उमटते. हे १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवलं. ‘मुलगी शाळेत गेला’ यासारख्या व्याकरणाच्या चुकीला मिळणारी खूण वेगळी आणि उशिराची, साधारण ६०० मिलिसेकंदांच्या आसपासची. अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली संगीतशिक्षण घेतलेल्यांना सुरावलीत न बसणारा स्वरमेळ (एकत्र वाजणारे सूर) ऐकवला, तेव्हा या दुसऱ्या खुणेशी मिळतीजुळती लहर दिसली. २००१ साली लाइपझिगमध्ये संगीत न शिकलेल्यांवर झालेल्या प्रयोगात अशा अनपेक्षित स्वरमेळाला ब्रोका क्षेत्राने आणि मेंदूच्या उजव्या बाजूच्या त्याच्या जोडीदार भागाने प्रतिसाद दिला. ब्रोका क्षेत्र तोवर भाषेचं म्हणूनच ओळखलं जाई.

पण दुसऱ्या पारड्यात व्हिसारियन शेबालिन आहेत. या सोव्हिएत संगीतकाराला पक्षाघाताच्या झटक्यांनंतर बोलणं आणि बोललेलं समजणं जड झालं, तरी त्यांनी पाचवी सिंफनी पुरी केली. उलट, काही जणांना जन्मतःच चाल ओळखता येत नाही, बेसूर कळत नाही, पण भाषा मात्र अगदी धडधाकट असते. २०२३ साली एव्हलिना फेडोरेंको यांच्या गटाने प्रत्येक व्यक्तीची भाषेची केंद्रं आधी नेमकी शोधली आणि मग तिला संगीत ऐकवलं. ती केंद्रं फारशी हललीच नाहीत.

पटेल यांनी २००३ साली यातून वाट सुचवली होती. स्वयंपाकघरात धान्याचे डबे निरनिराळे असले तरी शेगडी एकच असू शकते. शब्दांचं ज्ञान आणि सुरांचं ज्ञान वेगळं साठवलेलं असेल. आलेला तुकडा आधीच्याशी जोडण्याची ताकद मात्र सामाईक आणि मर्यादित असेल. तसं असेल तर दोन्हींचा भार एकाच क्षणी पडला की गती मंदावायला हवी. २००९ सालच्या एका प्रयोगात लोकांनी रचनेने चकवा देणारी वाक्यं वाचली आणि सोबत स्वरमेळ ऐकले. चकव्याच्या शब्दावरच परका स्वरमेळ आला, तेव्हा वाचन जास्त अडखळलं. शब्द नुसताच अर्थाने अनपेक्षित असताना तसं झालं नाही. फेडोरेंकोंच्या निष्कर्षाने हा खुलासा अडचणीत आला आहे, पण निकाली निघालेला नाही.

यातले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य स्वरमेळांवर झाले आहेत, आणि रागसंगीतात स्वरमेळ नाहीत. १९८४ साली कॅस्टेलानो, भरूचा आणि क्रुमहान्सल यांनी दहा राग भारतीय आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवून कोणता सूर किती चपखल वाटतो हे विचारलं. षड्ज-पंचमाचं महत्त्व दोघांनाही उमगलं, कारण ते सूर कानावर पुनःपुन्हा पडत होते. रागामागच्या थाटाची, म्हणजे मूळ सुरांच्या चौकटीची, जाणीव मात्र फक्त भारतीयांच्या उत्तरांत होती. सुरांचं व्याकरण काही अंशी समोरच्या गाण्यातून लगेच उचलता येतं, काही अंशी ते ऐकत वाढावं लागतं. आईची भाषाही अशीच येते.

म्हणून पुढचा प्रयोग भूपावर करून पाहण्यासारखा आहे. पडद्यावर मराठी वाक्य शब्दाशब्दाने उमटेल, कानात तंबोरा आणि भूपाचे सूर असतील. नेमक्या क्रियापदावर कधी भूपातलाच सूर, तर कधी भूपाला वर्ज्य असलेला मध्यम लागेल. वाक्य सरळ असताना आणि गुंतागुंतीचं असताना वाचनाला किती वेळ लागला, ते मोजायचं. मध्यमामुळे पडणारा फरक गुंतागुंतीच्या वाक्यातच वाढला, तर एकाच शेगडीची कल्पना स्वरमेळांपलीकडेही तग धरेल. दोन्हींत सारखाच राहिला, तर ती सोडावी लागेल. मराठीत वाढलेले आणि लहानपणापासून अभंग ऐकलेले वाचक या प्रयोगाला हवेत, आणि ते ठाणे ते कल्याण या पट्ट्यात मुबलक आहेत.