हुंगू नका, नुसतं दरवळू द्या!

डेडलाइन, ट्रॅफिक, बॉसचे मेल... डोकं आउट झालं की आपण स्पा गाठतो. अरोमाथेरपीचं पॅकेज घेतो. पण दादर स्टेशनबाहेरच्या फूलबाजारातून रोज नाक दाबून पळणाऱ्यांनो, जरा थांबा. तुमचा स्ट्रेसबस्टर तिथेच पानाच्या पुडीत बांधून मिळतोय!

देवपूजेच्या फुलांबाबत घरोघरी एक दंडक असतो. फूल हुंगायचं नाही, हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. लहानपणी यावरून आजीचा धपाटा खाल्लेले बरेच असतील. म्हणजे देवघरातला सुगंध आपल्यापर्यंत येतो तो लांबून, मंद होऊन. आणि गंमत तीच आहे.

चीनमध्ये मोगऱ्याच्या कळ्यांचा वास देऊन जस्मिन टी बनवतात. त्याच चहाच्या वासावर २००५ मध्ये जपानी संशोधकांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. वास जेमतेम जाणवेल इतकाच ठेवला, तरी हृदयाचे ठोके मंदावले, मनही निवांत झालं. त्याआधीच्या प्रयोगात तीव्र वास दिला, तेव्हा तो न आवडणाऱ्यांचं शरीर उलट ताणाखाली गेलं. थोडक्यात, जास्त म्हणजे चांगलं हा फंडा इथे चालत नाही.

या वासातला एक मुख्य घटक लिनालूल. कागोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांना तो हुंगवला, तर त्यांची भीती कमी झाली. वास येण्याची क्षमताच घालवलेल्या उंदरांवर मात्र काही परिणाम नाही. म्हणजे जादू नाकातूनच होते. नाकाकडून निघालेला संदेश मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या केंद्रांकडे जवळपास थेट पोचतो. म्हणून तर प्राजक्ताच्या एका वासानं अख्खी दिवाळीची सुट्टी आठवते.

अर्थात, झोपेची किंवा अँक्झायटीची खरी तक्रार असेल तर डॉक्टरच गाठा, फुलवाला नव्हे. आणि बंद फ्लॅटमध्ये चार-चार अगरबत्त्या पेटवणं म्हणजे सुगंध कमी, धूरच जास्त.

त्यापेक्षा ऑफिसातून येताना मोगऱ्याच्या कळ्या घ्या. फुललेली फुलं नकोत, मोगरा संध्याकाळनंतरच उमलतो. ओल्या रुमालात गुंडाळून आणा, वाटीत घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. उशीजवळ मुळीच नको. सोनचाफा असेल तर एकच पुरे.